वाऱ्याचा डोळा

पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणतात. पण ताईचे दिवस भरत आले आणि नेमकं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. म्हणून माहेरच्या वतीने दक्षिण जर्मनीतल्या वाल्डॉर्फहून, आमच्या घरून, मी हॅम्बर्गला आले आणि सासरच्या वतीने पुण्याहून कुसुमकाकू, म्हणजे ताईच्या सासूबाई. मला पाठवताना बाबा म्हणाले, "नाहीतरी तुला काय काम आहे?" ते खरंच होतं. अकरावीत मी गिम्नाझियुम, म्हणजे इथली शाळा, सोडून दिलं होतं आणि आमच्या इमारतीतल्या सगळ्या मराठी काकवांना ते पाठ होतं. "मग तनया, पुढे काय ठरवलंस?" एकीने लिफ्टमध्ये गोड हसून विचारलं. "तिसरा मजला," मी म्हटलं आणि उतरले. आईने त्यावरून अबोला धरला होता.

देवश्रीताई माझ्या अगदी उलट. ती युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, आणि करते कशावर, तर एका शब्दावर. खिडकी. आख्खं पुस्तक लिहितेय खिडकी या शब्दावर. म्हणजे आपल्या नाही, युरोपात उत्तरेकडच्या लोकांच्या.

मी आले तेव्हा ती भलंमोठं पोट घेऊन सोफ्यावर पडलेली असायची आणि मी भांडी पुसत असले की तिचं सुरू व्हायचं.

"डॅनिशमध्ये विंदुए. नॉर्वेजियनमध्ये विंदू. फेरो बेटांवर अजूनही जवळजवळ जुनाच शब्द आहे. मूळ विंदआउगा. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा!"

"आणि स्वीडिश?"

"त्यांनी सोडून दिला. जर्मनांसारखा लॅटिनमधला उचलला, फेन्स्टर. पण इंग्रजांनी व्हायकिंगांकडून घेतला तो टिकवला. विंडो."

"भारी."

"भारी पुढेच आहे. आपल्याकडे बघ. वातायन. गवाक्ष. वात आणि विंद एकाच घरातले, अक्ष आणि आउगा पण एकाच घरातले. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडं."

"मग आता भेटवलंस ना तू. लग्नं पण लावून देणार का त्यांची?"

तिने उशी फेकून मारली. पण तिचं खरं भांडण होतं ते तिच्या प्रोफेसरबरोबर. तो म्हणायचा, धूर जायला त्या लोकांच्या छपरात भोक असायचंच आणि त्याला वेगळं नाव होतं, म्हणजे वाऱ्याचा डोळा फक्त बाहेर डोकावायला. ताई म्हणायची, साफ चूक. घराच्या मधोमध चूल पेटलेली, बाहेर बर्फ, दारं बंद. धूर नुसता छपरातून जात नाही, खालून वारा आत आला तरच तो वर जातो.

"घराला नाक नसतं, तनू," ती म्हणाली. "ते डोळ्यानेच श्वास घेतं. आत विस्तव असेल तर डोळा उघडा ठेवावाच लागतो. नाव उगीच नाही पडलं."

शाळेतलं मला काही आठवत नाही. हे आठवतं.

मग बाळ झालं. मुलगी. लालबुंद, चिडकी, मुठी आवळलेली. जिजू, म्हणजे ताईचा नवरा सिद्धेश, म्हणाला, "डिट्टो मावशी." मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन विनाकारण सायकलवर एक चक्कर मारून आले.

ताई घरी आली आणि कुसुमकाकूंचं राज्य सुरू झालं. काकू वाईट नाहीत. पहाटे उठून डिंकाचे लाडू करायच्या, ताईला न्हाऊमाखू घालायच्या, तिचे पाय चेपता चेपता स्वतःच पेंगायच्या. पण वाऱ्याची त्यांना भयंकर धास्ती. "बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला की जन्मभर निघत नाही." ताईच्या डोक्याला कायम रुमाल, कानात कापूस. खिडक्या बंद. बेडरूमच्या दाराखाली जुनी ओढणी खुपसलेली. आणि सकाळ-संध्याकाळ शेक आणि धुरी.

त्यासाठी जिजूने दुकानातून ग्रिलच्या कोळशाचं पोतं आणलं. काकू पुण्याहून बीडाची छोटी शेगडी घेऊन आल्या होत्या, सामानात, टॉवेलमध्ये गुंडाळून. लोखंडी खलबत्ता पण. बाल्कनीत बत्त्याने कोळसे फोडायच्या, शेगडी फुलवायच्या, आणि निखारे लाल झाले की शेगडी आत आणून पलंगाखाली सरकवायच्या. वरून ओवा, शेपा, बाळंतशेपांचा वास सगळीकडे. पहिल्याच दिवशी राउखमेल्डर, छतावरचं ते धुराचं यंत्र, असं किंचाळलं की बाळ दचकून निळं पडलं. जिजूने स्टुलावर चढून ते काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "फोडणीला पण बोंबलतं ते," तो म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत ते ड्रॉवरमध्येच असतं.

घरी तपासायला हेबामं यायची, सुईण, फ्राऊ निस्सन. डेन्मार्कच्या सीमेवरच्या फ्लेन्सबुर्गची, तिची आजी घरात डॅनिश बोलायची. ताईचा विषय कळल्यावर ती एवढी खूश झाली की बाळाचं वजन करता करता खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "विंदुए! आजी ओरडायची, विंदुए उघडा, घरात माणसं राहतात, मासे नाही!" आणि तिने सरळ खिडकी सताड उघडली. काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता. ती जिन्यातून उतरेपर्यंत त्या हसत उभ्या राहिल्या, मग खटकन खिडकी बंद.

शेगडी तिला कधीच दिसली नाही. ती यायच्या आधी काकू शेगडी बाल्कनीत नेऊन तिच्यावर बादली पालथी घालायच्या. "या लोकांना नाही कळायचं आपलं," जिजू म्हणायचा. "उगाच प्रश्न विचारत बसतील. तनया, तू काही बोलू नकोस हं." ताई पण म्हणाली, नको बोलूस.

ताईचं डोकं दुखायला लागलं. नुसतं दुखणं नाही, ठणकायचं. तिला मळमळायचं, उठली की भिंतीला धरायची. काकू म्हणाल्या, बाळंतपणाचा थकवा आहे, दुसरं काय. बाळ झोपायचं, खूपच झोपायचं. "गुणी आहे गं पोर," काकू कौतुकाने म्हणायच्या. मला ते पटत नव्हतं. जन्मली तेव्हा ती गुणी नव्हती. माझ्यासारखी होती.

त्या दिवशी काकूंनी दुपारीच शेगडी आत आणली. बाहेर पाऊस, गार, म्हणून नेहमीपेक्षा जास्त कोळसे. काचा आतून इतक्या घामेजल्या होत्या की पाणी ओघळून चौकटीवर साचलं होतं. माझं पण डोकं ठणकत होतं. मी गेले आणि खिडकी उघडली.

"अगं अगं अगं!" काकू धावत आल्या. "वेडी आहेस का? अंगाला तेल लावलंय तिच्या!"

"काकू, श्वास घेता येत नाहीये इथे."

"तुला नसेल घ्यायचा तर बाहेर जा. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" त्यांनी खिडकी लावली.

मी परत उघडली. त्यांनी परत लावली. मग पलंगावरून ताईचा आवाज आला, मेलेला, चिडका. "तनू, राहू दे ना गं. अहो आई म्हणतायत ना. कशाला दरवेळी तमाशा."

काकूंचं मी ऐकून घेतलं असतं. पण ताईने तमाशा म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं.

"तू!" मी ओरडले. "तू वाऱ्याच्या डोळ्यावर पुस्तक लिहितेस! प्रोफेसरला उलटं बोलतेस! आणि इथे तोंडातून शब्द फुटत नाही तुझ्या! सासूसमोर सगळं ज्ञान कुठे जातं गं?"

"तू शिकव मला," ताई डोळे मिटून म्हणाली. "शाळेत काय झालं तुझं ते माहितीये."

मी दार आपटून निघाले. किल्ली आत खुंटीवरच राहिली, ते जिन्यात लक्षात आलं, पण परत वळले असते तर ती मी कसली.

तडक उतरून एल्ब नदीपर्यंत चालत गेले आणि समोर लागली होती त्या फेरीबोटीत चढले. वरच्या डेकवर कोणी नव्हतं. पाऊस तोंडावर सपासप. मनातल्या मनात मी ताईशी भांडत होते, एकाहून एक भारी उत्तरं देत होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये. अजिबात नाही. धुऊन निघाल्यासारखं हलकं.

काल मी आपोटेकंमध्ये ताईची गोळी आणायला गेले होते तेव्हाही रस्त्यात असंच थांबलं होतं. घरी आल्यावर परत सुरू. आणि ताईला बाळाच्या डॉक्टरकडे नेलं त्या दिवशी ती येताना चक्क गाणं गुणगुणत होती. त्या संध्याकाळी धुरी झाली आणि रात्री उलटी.

आत विस्तव असेल तर डोळा उघडा ठेवावाच लागतो.

बोटं गारठली होती. फोनवर टाइप केलं: कोळसा, बंद खोली, डोकेदुखी. जे समोर आलं ते मी पूर्ण वाचलंच नाही. कार्बन मोनॉक्साइड. वास नसतो. झोप येते. झोपेतच.

ताईला फोन. वाजत राहिला. परत. परत. जिजूला फोन, तो विमानाच्या कारखान्यात मीटिंगमध्ये, त्याने कट केला. काकूंना व्हॉट्सअॅपवर, तेही नुसतं वाजत राहिलं. मग एकशेबारा. बाई शांतपणे विचारत होती, पत्ता? आणि माझ्या तोंडातून वाल्डॉर्फचा पत्ता गेला. लहानपणापासून पाठ केलेला, मी हरवले तर सांगायचा तो. ती म्हणाली, "पण तुम्ही हॅम्बर्गमध्ये आहात ना?" मी रडायलाच लागले. "हॅम्बर्ग! हॅम्बर्ग! आल्टोना!" कसाबसा खरा पत्ता दिला. "कोणी बेशुद्ध आहे का?" "माहीत नाही! फोन उचलत नाहीयेत! माझी बहीण आहे, एक बाळ आहे!"

फेरी परत आमच्या धक्क्याला लागत होती इतकी हळू, इतकी हळू, जणू मुद्दाम. दोरी टाकणाऱ्या माणसावर मी ओरडले. साखळी काढायच्या आतच उडी मारली. तिथून वर चढायच्या पायऱ्या संपतच नाहीत. छातीत काटे टोचत होते. एक आजोबा कुत्रा घेऊन मधोमध उभे होते, त्यांना मी अक्षरशः ढकललं.

खालची बेल दाबून धरली. कोणी नाही. सगळ्यांच्या बेला दाबल्या. कोणी नाही, दुपार होती, सगळे कामावर. मी मागच्या अंगणात पळाले. ताईचं घर जमिनीपासून माणूसभर उंच आहे. कचऱ्याच्या डब्यावर चढून बाल्कनीचा कठडा धरला, गुडघा सोलला, आत पडले.

स्वयंपाकघराच्या काचेच्या दारातून काकू दिसल्या. जमिनीवर, ओट्याला टेकून बसलेल्या, पुढ्यात उलटी. मी दार बडवलं. "काकू! उघडा! काकू!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, रस्त्यातल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसं. आणि मान परत खाली.

बेडरूमची खिडकी बाल्कनीतच उघडते. आत काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी ओघळत होतं काचेवरून. कोळशाच्या पोत्यापाशी बत्ता पडला होता. तो उचलला आणि मारला. काच हसली माझ्यावर. साधा ओरखडा. ही जर्मन काच, दुहेरी, आवाज, थंडी, वारा, काही आत येऊ न देणारी. मी परत मारला, मधोमध, मग कोपऱ्यात, मग दोन्ही हातांनी, शिव्या देत, मराठीतल्या, जर्मनमधल्या, सगळ्या. बाहेरची फुटली. आतली बाकी. हाताला काय लागलं कळलं नाही, बत्ता लाल दिसायला लागला. "ताई!" प्रत्येक घावाला एकदा. "ताई! ताई!"

आतली काच फुटली आणि ओव्याचा गरम, ओला वास माझ्या तोंडावर आला. पूर्ण घराने सोडलेला श्वास.

हात घालून खिडकीची मूठ फिरवली आणि आत उडी मारली. ताई पलंगावर कुशीवर होती, गाल गुलाबी, तोंड उघडं, एक हात बाळावर. मी आधी बाळ उचललं. मानच नव्हती त्याला, असं लटकलं. खिडकीबाहेर पावसात धरलं त्याला, दुपट्यासकट, आणि हलवत राहिले. "रड ना. रड ना गं. तू गुणी नाहीयेस, रड!" एका हाताने बाळ बाहेर धरलंय, दुसऱ्याने ताईचा दंड ओढतेय, आणि ती हलत नाही, इतकी जड कधीपासून झाली ही, आणि शेगडी खाली अजून लालच.

मग सायरन ऐकू आले.

फायर ब्रिगेडवाले दार फोडून आत आले तेव्हा त्यांच्या छातीवरचं विषारी वायू ओळखणारं यंत्र उंबऱ्यावरच बोंबलायला लागलं. एकाने माझ्या हातातून बाळ घेतलं. मी सोडत नव्हते, त्याला बोटं एकेक करून उघडावी लागली.

*

क्लिनिकमध्ये जिजू धावत आला, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. बाळ ऑक्सिजनवर होतं, आणि ते रडलं होतं. मी स्वतः ऐकलं, दारामागून, चिडकं, घाणेरडं, सुंदर रडणं. ताई उठली नव्हती. कुसुमकाकू शेजारच्या खाटेवर, तोंडाला मास्क.

डॉक्टरीणबाई येताना दिसली तसं जिजूने मला कोपऱ्यात ओढलं. "तनया, ऐक. ग्रिल होतं म्हणायचं. एकदाच आत आणलं, आजच, थंडी होती म्हणून."

"का?"

"युगेंडआम्टला कळवतील गं हे. मुलांचं खातं. बाळाला घेऊन जातील. प्लीज. आईला काय करतील माहीत नाही."

मला त्याची दया आली, खरंच आली. डॉक्टर म्हणाली, "हे पहिल्यांदाच झालं? की आधीपण? आम्हाला कळणं गरजेचं आहे. तो वायू थोडा थोडा रोज अंगात गेला असेल तर मेंदूवर परिणाम वेगळा होतो. मग लगेच जास्त दाबाच्या ऑक्सिजन चेंबरमध्ये घ्यावं लागेल, थांबून चालणार नाही."

जिजू म्हणाला, "एकदाच. ग्रिल."

"खोटं!" मी इतक्या जोरात ओरडले की कॉरिडॉरमधली माणसं थांबली. "खोटं बोलतोय तो! रोज! घरी आल्यापासून रोज! खिडकी बंद, दाराखाली ओढणी, आणि ते यंत्र ड्रॉवरमध्ये! डोकं दुखत होतं तिचं, उलट्या होत होत्या, सगळ्यांना माहीत होतं!"

"तनया!"

"काय तनया? बाळ नेतील, आणि ताई मेली तर काय करशील बाळाचं?"

खाटेवरून काकूंनी मास्क खाली ओढला. त्यांना जर्मन येत नाही, पण घरातलं ओरडणं कशावरून आहे ते कळतंच. "काय म्हणतेय गं ती बाई?"

मी त्यांच्याकडे वळले. मला टोचायचं होतं, खूप. तोंडाशी आलेलं सगळं ओकायचं होतं. "विचारतायत, कोळसे किती दिवस पेटवत होतात."

काकूंनी मुलाकडे बघितलं. "सिद्धू, गप्प बस," त्या म्हणाल्या. आणि मला, "सांग तिला. सकाळ-संध्याकाळ. मी पेटवत होते. आज जास्त घातले."

मी सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. डॉक्टर रागावली नाही. तिने नुसतं नर्सला काहीतरी सांगितलं आणि ताईची खाट माझ्यासमोरून पळवत नेली, चाकं कर्कश वाजवत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने डोळे उघडले. मला एकटीलाच आत सोडलं होतं. हाताला बँडेज, पायात क्लिनिकच्या चपला. काकू दाराच्या काचेपलीकडे उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. बाळाला बघायला युगेंडआम्टची एक बाई येऊन गेली होती, परत येणार होती, आणि जिजू खाली तिच्यासाठी कागद जमवत फिरत होता.

"तनू," ताई म्हणाली. आवाज घासलेला. पण म्हणाली. मी खाटेचा दांडा घट्ट धरला.

"हं."

"तू इथे कशी? आईच्या ऑपरेशनला थांबणार होतीस ना?"

"मी आलेय. कधीची आलेय."

ती छताकडे बघत राहिली. काहीतरी शोधत होती, कपाटात अंधारात हात घालून शोधतात तसं. मग तिचा हात चादरीखाली पोटाकडे गेला. तिथे थांबला. चाचपला. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी नर्सला हाक मारणारच होते.

"तनू. माझं बाळ?"

तिला आठवतच नव्हतं. कळा, रात्रभर ओरडणं, जिजूचा तो फालतू जोक, बारशासाठी काढलेली नावं, काही नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, असं होऊ शकतं. परत येईल कदाचित. कदाचित नाही.

"तनू, बोल ना! काय झालं बाळाला?"

"झालं, ताई," मी म्हटलं. "बाळ झालं. मुलगी आहे. जिवंत आहे, शेजारच्या वॉर्डात आहे. खूप रडते, सगळ्या नर्सेसना वैताग आणलाय."

"मुलगी," ती म्हणाली. तिने ते पहिल्यांदा ऐकलं होतं, दुसऱ्यांदा पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. "कशी दिसते?"

मी दार उघडलं, काकूंना बाजूला केलं आणि शेजारच्या वॉर्डाकडे पळाले. नर्स आडवी आली, म्हणाली, आत्ता नाही, नियम आहे, युगेंडआम्टच्या बाईंना विचारावं लागेल. मी तिला म्हटलं, मग विचारा, मी इथेच उभी आहे, आणि बाळ घेतल्याशिवाय हलणार नाही.